बेस गिटार नीट वाजत नाहीये? नवीन घ्यायच्या आधी एक रविवार त्याला द्या

सेकंड हँड बेस घेतला, घरी आणला, चार दिवसांत बोटं सुजली, तारा खरखरतायत, बाराव्या फ्रेटच्या (फ्रेट म्हणजे दांडीवरची आडवी धातूची पट्टी) वर गेलं की सगळंच बेसूर. मग माणूस एकतर तो बेस विकून टाकतो नाहीतर हप्त्यावर महागातला घेतो, आणि महागातला पण दोन पावसाळ्यांनी तसाच खरखरायला लागतो. कारण बऱ्याचदा बेस वाईट नसतोच, त्याचा सेटअप, म्हणजे तारा, दांडी, सूर यांची नीट जुळवणी, कुणी केलेला नसतो. सेटअप दुकानातच करावा लागतो असं मला पण वाटायचं, तोपर्यंत मामाचा बेस माझ्याकडे आला.

मामा नव्वदच्या दशकात कल्याण-ठाण्याकडे ऑर्केस्ट्रात वाजवायचा. नंतर नोकरी, बदली वगैरे, आणि बेस ११ वर्षं कपाटावर कव्हरात पडून. मी काढला तेव्हा सगळ्यात जाड ई तार आणि फ्रेटबोर्डच्या (फ्रेट ठोकलेली लाकडी पट्टी) मधून पेन्सिल आरपार जात होती. तोच बेस आज मी वाजवतो. त्यात काय काय केलं ते सांगतो, पण एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा, कामं क्रमाने करायची: तारा, ट्यूनिंग, नेक (म्हणजे दांडी), तारांची उंची, मग इंटोनेशन (सूर वरपर्यंत खरा राहणं), मग पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबक). क्रम मोडलात तर केलेलं काम परत करावं लागतं, मी केलंय.

सामान काय लागेल

ट्यूनर (फोनवरचा चालेल), अर्धा मिलिमीटर दाखवणारी स्टीलची पट्टी, फुली आणि चपटा स्क्रूड्रायव्हर, ऍलन कीचा सेट, वायर कटर, मास्किंग टेप, जुन्या बनियनचा तुकडा. कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, असेल तर बरं. आणि फिलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या, ते म्युझिकच्या दुकानात शोधू नका, टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टवाल्याकडे मिळतं, मेकॅनिक टॅपेट सेट करायला तेच वापरतात. तेही नसेल तर साधं व्हिजिटिंग कार्ड घ्या, साधारण ०.३ मिमी जाड असतं आणि आपल्याला नेमकं तेवढंच मोजायचंय. एटीएम कार्ड ०.७६ चं असतं, ते या कामाला जाड पडतं.

ऍलन कीबद्दल जरा थांबून सांगतो कारण इथेच माझं नुकसान झालंय. काही बेसच्या ट्रस रॉडला (नेकच्या आतली सळई, पुढे सांगतो) इंचातली की लागते, ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी. घरातल्या सेटमध्ये ४.५ आणि ५ असते. ५ ची आत जात नाही आणि ४.५ ची जाते पण ढिली, मला वाटलं बसली, जोर लावला आणि आतले कोपरे खाल्ले गेले. नशीब पूर्ण गोल झालं नाही. की आत घातली की हलवून बघा, जराही डुगडुगली तर ती तुमची की नाही.

आधी तारा

जुन्या तारा काढताना एकेक काढा, सगळ्या एकदम नको. चारही तारांचा मिळून ताण एका मोठ्या माणसाच्या वजनाएवढा असतो आणि नेक त्या ताणाला सरावलेली असते. एकदम काढल्या म्हणून नेक मोडत नाही, पण तिला परत जागेवर यायला वेळ लागतो आणि नवशिक्याला कळत नाही की काय हललं. फ्रेटबोर्ड साफ करायचाय तेव्हा मात्र काढाव्याच लागतात, तेव्हा काढा बिनधास्त.

साफ करताना: काळपट रोझवूडचा फ्रेटबोर्ड असेल तर लेमन ऑइलचे दोन-चार थेंब, पुसून कोरडा करायचा. फिकट मेपलचा, वर चकचकीत लॅकर असलेला असेल तर त्याला तेल लागतच नाही, ओलसर फडकं पुरे. आणि खोबरेल तेल नको! घरात असतं म्हणून लोक लावतात, ते चिकट होतं, खवट होतं, महिन्याभराने फ्रेटच्या कडेला जो मळ साचतो तो टूथब्रशने पण निघत नाही.

नवीन सेट घेताना ३४ इंची (वाजणाऱ्या तारेची लांबी) बेससाठी ४५ ते १०५ हा नेहमीचा गेज, म्हणजे तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत, त्याच्यापासून सुरुवात करा. राउंडवूंड म्हणजे खरखरीत, खणखणीत आवाजाच्या, फ्लॅटवूंड म्हणजे गुळगुळीत, दबक्या गोल आवाजाच्या. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन फ्लॅटवूंड वाजवायचा आणि तुटेपर्यंत तारा बदलायचा नाही म्हणतात, ते ऐकून आळस करू नका, त्याच्या बोटांत वेगळंच काहीतरी होतं.

तार खुंटीला लावताना आधी ताणून धरा, तिच्या खुंटीच्या पुढे साधारण १०-१२ सेंटिमीटर ठेवा, तिथे काटकोनात मोडा आणि मगच मोडलेल्या जागेच्या पुढे कापा. आधी कापलंत तर काही तारांची वरची गुंडाळी सुटते आणि नवी तार मेली. टोक खुंटीच्या मधल्या भोकात, मग दोन-तीन वेढे, प्रत्येक वेढा आधीच्याच्या खाली, म्हणजे तार नटवर (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) नीट दाबली जाते. मग ट्यून करा, हाताने हलकेच ओढा, परत ट्यून करा, उतरायची थांबेपर्यंत. पैसे नसतील तर जुन्या तारा पाण्यात दहा मिनिटं उकळून, पुसून खडखडीत कोरड्या करून परत लावता येतात, थोडे दिवस जीव येतो त्यांच्यात. आई पातेलं देणार नाही, वेगळं घ्या.

ट्यूनिंग जाड तारेपासून ई, ए, डी, जी. ई तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, इतक्या खाली फोनचा माईक गडबडतो, आकडा नाचत राहतो. मग बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून हार्मोनिक वाजवा, सूर एक सप्तक वर जातो आणि ट्यूनर लगेच पकडतो.

नेक: पाव फेरा आणि चहा

आता खरं काम. नेक एकदम सरळ नको असते, तिला किंचित, अगदी किंचित पोटाशी खोलगटपणा लागतो, कारण तार वाजताना मध्ये जास्त हलते. याला रिलीफ म्हणतात. मोजायचा असा: पहिल्या फ्रेटवर कॅपो, दुसऱ्या हाताने ई तार बॉडी जिथे सुरू होते तिथल्या फ्रेटवर दाबा. तार आता सरळ पट्टी झाली. आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये किती फट आहे बघा. ०.३ मिमी, म्हणजे ते व्हिजिटिंग कार्ड तार न उचलता घासत गेलं पाहिजे. फटच नाही तर नेक फार सरळ किंवा उलटी वाकलीये. एटीएम कार्ड पण आरामात जातंय तर पुढे वाकलीये.

ट्रस रॉड म्हणजे नेकच्या पोटातली लोखंडी सळई. तिचं टोक एकतर हेडस्टॉककडे (खुंट्या असतात ते टोक), नटच्या मागे दिसतं नाहीतर बॉडीच्या बाजूला. काही जुन्या पद्धतीच्या बेसमध्ये त्यासाठी नेकच खोलावी लागते, वैताग आहे पण आहे. की लावलेल्या टोकाकडे तोंड करून घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सळई घट्ट, नेक सरळ होते, फट कमी. उलट फिरवलं की ढिली, फट वाढते. घट्ट करायच्या आधी तारा थोड्या उतरवा, मग परत ट्यून करून मोजा.

किती फिरवायचं? पाव फेरा. मामाला फोन केला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "अरे पाव फिरव आणि चहा पिऊन ये." मला ती चेष्टा वाटली. पण लाकूड लगेच पूर्ण हलत नाही, दहा-पंधरा मिनिटांनी मोजलं तर आकडा वेगळा येतो, कधीकधी दुसऱ्या दिवशी अजून थोडा बदलतो. एका बैठकीत अर्ध्या फेऱ्याच्या वर जाऊ नका. की हलतच नसेल तर पक्कड आणून जोर लावू नका, तिथे थांबा आणि जाणत्या माणसाकडे न्या, तुटलेला ट्रस रॉड बदलायचा म्हणजे बहुतेक वेळा फ्रेटबोर्ड उखडणं, त्यापेक्षा नवीन नेक स्वस्त.

आणि हे एकदा करून संपत नाही. आपल्याकडे मे महिन्यातली कोरडी हवा आणि जुलैतली ओल यात लाकूड फुगतं-आकसतं, कोकणात, मुंबईत, गोव्यात तर विचारूच नका. पावसात नेक कुठल्या दिशेला जाते यावर लोक भांडतात, माझ्याकडचे दोन बेस एकाच खोलीत एकमेकांच्या उलट जातात, त्यामुळे अंदाज करू नका, मोजा. बाहेरच्या भिंतीला, जिथे पावसात ओल येते, तिथे हँगर ठोकू नका. गाडीच्या डिकीत तर नकोच.

तारांची उंची

सतराव्या फ्रेटवर तारेच्या खालच्या कडेपासून फ्रेटच्या डोक्यापर्यंत पट्टीने मोजायचं. फेंडरच्या स्वतःच्या सेटअप गाईडमध्ये सपाटसर फ्रेटबोर्डसाठी ई कडून ६/६४ इंच आणि जी कडून ५/६४ इंच दिलंय, म्हणजे साधारण २.४ आणि २ मिमी. मामाच्या बेसवर ते ४ च्या पुढे होतं, त्यातलं अर्धं दुखणं नेक सरळ केल्यावर आपोआप गेलं, म्हणून तर नेक आधी.

ब्रिजवर, म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकतात तिथे, प्रत्येक तारेखाली सॅडल असतं, त्यावर दोन छोटे बिनडोक्याचे स्क्रू, बऱ्याच बेसना १.५ मिमीची ऍलन की लागते. दोन्ही स्क्रू सारखे फिरवा, सॅडल तिरकं नको. फिरवा, ट्यून करा, मोजा, वाजवा.

खरखर कुठे येते त्यावरून रोग ओळखायचा. पहिल्या चार-पाच फ्रेटवर येत असेल तर नेक फार सरळ आहे, पाव फेरा ढिला करा. बाराव्याच्या वर येत असेल तर तारा फार खाली आल्यात, सॅडल उचला. एकाच फ्रेटवर येत असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उचकटलाय किंवा उंच आहे, ते फाइलिंगचं काम आहे, पहिल्या वर्षी स्वतः करू नका. थोडीशी खरखर, जी अँपमधून ऐकू येत नाही, ती सोडून द्या. तानपुऱ्याला आपण मुद्दाम जवारी (ती गुंजणारी खरखर) काढून घेतो, मिरजेला लोक त्यासाठी जातात, बेसला ती नको असते एवढंच, पण सगळी खरखर मारायच्या नादात तारा इतक्या वर नेऊ नका की बोटं परत सुजतील.

नट पण बघून घ्या. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा, पहिल्या फ्रेटवर केसभर फट दिसली पाहिजे. जास्त असेल तर पहिले दोन-तीन सूर कायम चढे लागतात आणि तुम्ही ट्यूनरला शिव्या देता. नटच्या खाचा घासणं मात्र कारागिराला द्या, जास्त घासलं की संपलं.

इंटोनेशन, म्हणजे सूर वरपर्यंत खरा राहणं

लिओ फेंडरने १९५१ साली कॅलिफोर्नियात फुलर्टनला जो बेस आणला त्याचं नावच प्रिसिजन, कारण फ्रेट असल्यामुळे डबल बेससारखं अंदाजाने बोट ठेवावं लागत नव्हतं, सूर नेमका लागायचा. पण फ्रेट असले की सूर खरा लागतोच असं नाही. सतारीचा पडदा सरकवून सूर जुळवता येतो, बेसचे पडदे लाकडात ठोकलेले, मग सरकवायचं काय? सॅडल.

बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा, ट्यूनरवर बरोबर मध्यावर आणा. मग त्याच फ्रेटवर नेहमीसारखं, हलक्या हाताने दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे, नेकपासून लांब. उतरा आला तर पुढे, नेककडे. ब्रिजच्या मागच्या टोकाला लांब स्क्रू असतो तो फिरवायचा, आधी तार जरा ढिली करून. चारही तारांचं झालं की सॅडल तिरक्या रांगेत दिसतात, ई सगळ्यात मागे, ते तसंच असतं, घाबरून सरळ करू नका (माझ्या एका मित्राने केलेलं, "वाकडं दिसतंय" म्हणून). हे काम नव्या तारांवरच करा, जुनी तार ठिकठिकाणी झिजलेली असते, ती कधीच जुळत नाही.

पिकअप, वायरी आणि करंट

पिकअपची उंची शेवटच्या फ्रेटवर तार दाबून बघा, तार आणि पिकअपमधली फट ई कडे साधारण ३ मिमी, जी कडे जरा कमी. फार जवळ आणलात तर लोहचुंबक तार खेचतो आणि वरचे सूर लाटांसारखे हलतात. मग कानाने चारही तारांचा आवाज सारखा करा.

नॉब फिरवताना खरखर होत असेल तर आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-तीस वेळा फिरवा, बहुतेक वेळा जातं. आवाज तुटक येत असेल तर ९० टक्के वेळा जॅकचा नट ढिला झालेला असतो, आतली वायर न पिळता घट्ट करा. जॅकच बदलायचा असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पी-३८ मोनो सॉकेट मागा, मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली.

जॅझ बेससारखा दोन सिंगल कॉइल (एकेरी वेटोळ्याच्या) पिकअपचा बेस असेल तर एकच पिकअप पूर्ण ठेवला की हम्म येणार, दोन्ही सारखे उघडले की जातो, तो बिघाड नाही. तारांना हात लावला की हम्म कमी होतो हे पण नॉर्मल आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर ब्रिजखालची अर्थची वायर सुटलीये. पण माईकला ओठ लागल्यावर झिणझिण्या आल्या तर गंमत समजू नका, गणपतीच्या मांडवात अर्थिंग नसलेल्या बोर्डवर हे होतं, आधी प्लग काढा, मग इलेक्ट्रिशियनला बोलवा.

ऍक्टिव्ह बेस असेल, म्हणजे आत ९ व्होल्टची बॅटरी, तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा. जॅकमध्ये केबल असली की बॅटरी चालूच राहते. मी पहिल्या वर्षी तीन बॅटऱ्या अशाच संपवल्या आणि पिकअप गेला म्हणून रडत बसलो.

स्वतः बांधायचाय?

किट घेऊन बांधता येतो, पण आधी निदान दोन बेसचे सेटअप करा. दोनच गोष्टी सांगतो. एक, ब्रिजची भोकं पाडायच्या आधी नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा, ३४ इंची असेल तर १७ येईल, तेवढंच पुढे जी तारेचं सॅडल आलं पाहिजे आणि त्याला मागे सरकायला जागा उरली पाहिजे. ई आणि जी च्या जागी शिवणाचा दोरा ताणून बघा, नेकच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर जातोय का. दोन, पावसाळ्यात लॅकर मारू नका, दमट हवेत पांढरट धुकं धरतं, फर्निचर पॉलिशवाला कुणीही सांगेल. स्क्रूला मेणबत्ती चोळा, साबण नको, साबण ओल धरतो आणि गंजतो.

आता वाजवा

बेसचा पहिला फ्रेट ३४ इंची स्केलवर ४८ मिमीच्या वर रुंद असतो, साध्या इलेक्ट्रिक गिटारचा ३६. म्हणून खालच्या पाच-सहा फ्रेटवर एका फ्रेटला एक बोट असा हट्ट नको, पंजा दुखतो. तर्जनी, मधलं आणि करंगळी एवढीच वापरा, अनामिका करंगळीच्या मदतीला. बोट फ्रेटच्या अगदी मागे, फ्रेटवर नाही आणि मध्यावर पण नाही, आणि सूर खणखणीत लागेल इतकंच दाबायचं. उजवा अंगठा पिकअपवर टेकवा, तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून, तार ओढून बोट वरच्या तारेवर येऊन थांबलं पाहिजे. जी तार वाजत नाही ती गप्प ठेवणं हे अर्धं बेसवादन आहे, अंगठा आणि डाव्या हाताची मोकळी बोटं त्यासाठीच.

पहिल्या आठवड्याला स्केल वगैरे सोडा. तबल्याचं ऍप लावा, कहरवा, संथ लयीत. मोकळी ए तार सा धरा, तिच्या वरच्या अंगाची मोकळी ई तार म्हणजे मंद्र पंचम. पहिल्या मात्रेला सा, पाचव्या मात्रेला प, बाकी मात्रांना शांतता, आणि पाचव्याला वाजवताना ए तार हाताने बंद करायची. सोपं वाटतं, फोनवर रेकॉर्ड करून ऐका मग बोलू. आर. डी. बर्मनकडे टोनी वाझ बेस वाजवायचे, ती जुनी रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐका, सूर किती आहेत त्यापेक्षा कुठे सोडलाय ते बघा.

अँप घ्यायची घाई नको, बिल्डिंगमध्ये रात्री चालणारच नाही, छोटा हेडफोन अँप पुरतो. घरच्या साध्या गिटार अँपवर बेस मोठ्याने वाजवू नका, स्पीकर फाटतो.

आणि सगळं झालं की आकडे लिहून ठेवा. मी मास्किंग टेपवर लिहून केसच्या झाकणाला आतून चिकटवतो. सध्याची पट्टी: १४ जून, फट ०.३, ई २.४, जी २.०, ट्रस रॉड पाव फेरा घट्ट. तिच्या खाली ऑक्टोबरसाठी जागा सोडलीये.